वुडी परफ्यूम : पट्टीवर एक, मनगटावर दुसरंच

प्रश्न : दुकानात कागदी पट्टीवर एका वुडी परफ्यूमचा वास फार आवडला. कोरडा, शांत, लाकडाचा. मनगटावर मारलं तर आधी लिंबासारखा झणका आला आणि नंतर पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा वास. बाटली खराब आहे की माझ्या त्वचेला हे परफ्यूम मानवत नाही?

बहुधा दोन्ही नाही. काउंटरवरची पट्टी कित्येकदा तासाभरापूर्वी मारून ठेवलेली असते. तिच्यावरचा लिंबूवर्गीय भाग उडून गेलेला असतो आणि तुमच्या नाकाशी येतं ते थेट तळातलं लाकूड. मनगटावर मात्र तुम्ही सुरुवातीपासून वास घेतलात.

परफ्यूममधले घटक एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबू, बर्गमॉट, ग्रेपफ्रूट यांच्यातलं लिमोनीन हलकं असतं, त्याचा रेणुभार 136. चंदनातलं सँटॅलॉल 220 आणि सीडरमधलं (देवदारासारखं सुगंधी लाकूड) सीड्रॉल 222. शिवाय या दोघांच्या रेणूची घडण अशी, की ते सहज सुटत नाहीत. म्हणून पहिली दहा-वीस मिनिटं फळांची आणि मिऱ्याची, पुढचे दोन-तीन तास फुलं व मसाल्यांचे, आणि लाकूड खऱ्या अर्थाने दिसतं ते त्यानंतर. वुडी परफ्यूम पहिल्या पाच मिनिटांत पसंत करणं किंवा नाकारणं म्हणजे त्यातल्या लाकडाला न भेटताच निकाल देणं.

पेन्सिलीचा वास ही तर सीडर प्रामाणिक असल्याची खूण. परफ्यूममध्ये ‘व्हर्जिनिया सीडर’ म्हणून जे तेल येतं, ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ज्युनिपरच्या झाडाचं आहे आणि पूर्वी याच लाकडाच्या पेन्सिली पिढ्यान् पिढ्या बनत. अ‍ॅटलस सीडर वेगळं. ते खरं सीडर, वासाला जरा गोडसर. पेन्सिल नकोच असेल तर वाळा किंवा चंदन पुढे असलेलं परफ्यूम शोधा. वाळ्यात ओल्या मातीचा आणि थोडा धुराचा अंश असतो, चंदन दुधाळ असतं.

चाचणी अशी करा. त्या दिवशी हाताला सुवासिक साबण किंवा क्रीम नको. साध्या पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडा करा. मनगटापासून चार बोटं वर, हाताच्या आतल्या बाजूला 10 ते 15 सेंटिमीटर अंतरावरून एकच फवारा मारा. नेमक्या मनगटावर नको, कारण तिथे घड्याळाचा पट्टा घासतो आणि दर वेळी हात धुताना पाणी लागतं. त्याच वेळी एका कोऱ्या पट्टीवर दुसरा फवारा मारून तिच्यावर नाव आणि वेळ लिहा. पहिलं मिनिटभर हुंगू नका, अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि पुढचा अंदाज चुकतो. मग एक मिनिट, पंधरा मिनिटं, एक तास, चार तास आणि आठ तास या टप्प्यांना वास घ्या. नाक त्वचेला टेकवू नका, तीन-चार सेंटिमीटर दूर ठेवून छोटे छोटे श्वास घ्या. दर टप्प्याला दोन-तीन शब्द लिहून ठेवा, संध्याकाळी सकाळचा वास आठवत नाही.

एका वेळी एका हातावर एकच परफ्यूम. दोन हात म्हणजे दोन, तिसरं दुसऱ्या दिवशी. आणि मनगटं एकमेकांवर घासू नका. घासल्याने रेणू ‘चिरडतात’ ही दंतकथा आहे. घर्षणाच्या उष्णतेने हलका भाग लवकर उडतो आणि वास जास्त जागेवर पातळ पसरतो, इतकंच. पण मग तुम्ही चाचणी घेत असलेली सुरुवातच हरवते.

त्वचेचं म्हणाल, तर फरक पडतो, पण ‘प्रत्येकाच्या अंगावर वेगळाच वास’ हे जरा फुगवून सांगितलं जातं. त्वचेचा पृष्ठभाग साधारण 32 ते 34 अंश सेल्सिअस असतो, म्हणून खोलीतल्या कागदापेक्षा तिथे सगळं लवकर उडतं. तेलकट त्वचा जड घटकांना धरून ठेवते, कोरडी ठेवत नाही. त्यात घाम आणि आधी लावलेल्या साबणाचा उरलेला वास मिसळतो. बराचसा फरक एवढ्यातूनच येतो.

प्रश्न : तासाभरात मला माझ्या परफ्यूमचा वासच येईनासा होतो, पण शेजारी बसणारे सांगतात की येतोय. आता मी सहा फवारे मारते. बरोबर आहे का?

फवारे लगेच कमी करा. सतत येणाऱ्या वासाकडे नाक दुर्लक्ष करू लागतं, हे पहिलं कारण. दुसरं वुडी परफ्यूमशी जास्त निगडित आहे. आयसो ई सुपर (लाकडी वासाचा बनवलेला रेणू), अ‍ॅम्ब्रोक्सान आणि काही मस्क (कस्तुरीसारखे) हे बनवलेले सुवासिक घटक काही जणांना फार कमी, काहींना अजिबात जाणवत नाहीत, बाकी नाक उत्तम असूनही. 2006 मध्ये आलेलं ‘मॉलिक्यूल 01’ हे परफ्यूम जवळजवळ निव्वळ आयसो ई सुपरवर उभं आहे आणि त्याबद्दल ‘येतं, जातं, पुन्हा येतं’ असं वर्णन नेहमी ऐकू येतं.

तपासायचं असेल तर दहा मिनिटं मोकळ्या हवेत जा, परत येऊन हात हुंगा. तरीही काही नसेल आणि दुसऱ्याला स्पष्ट येत असेल, तर दोष नाकाच्या सवयीचा किंवा तुमच्या नाकाला न जाणवणाऱ्या एखाद्या घटकाचा. दुसऱ्यालाही येत नसेल तर वास खरंच उडालाय. मग आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं थांबा आणि त्यावर दोन फवारे मारा, कोरड्या त्वचेवर त्याने चांगला फरक पडतो. दोन परफ्यूमच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगण्यात विशेष अर्थ नाही. साधी ताजी हवा तेच काम करते.

प्रश्न : बाटलीवर ‘सँडलवुड’ लिहिलंय, पण वास उगाळलेल्या चंदनाचा नाही. दुरून नाकात टोचतो. फसवणूक आहे का?

लेबलवरची नोट म्हणजे घटकांची यादी नव्हे, तो वासाचा निर्देश असतो. चंदनाचं अस्सल तेल महाग आहे, म्हणून बहुतेक परफ्यूममध्ये जॅव्हॅनॉल, पॉलिसँटॉल यांसारखे बनवलेले रेणू चंदनाची भूमिका करतात. तेवढ्याने परफ्यूम वाईट ठरत नाही, जॅव्हॅनॉल तर सुरेख आहे. अस्सल तेल असलं, तरी ऑस्ट्रेलियन चंदनाची जात वेगळी. त्यात सँटॅलॉल कमी आणि वास जास्त कोरडा.

टोचणी मात्र सहसा चंदनाची नसते. चंदन स्वभावाने गप्प, अंगाजवळ राहणारं. दुरून सुईसारखं लागतं ते बऱ्याचदा ‘वुडी अंबर’ गटातले तीव्र रेणू असतात, जे परफ्यूम लांबवर पोचावं म्हणून घालतात. काहींना ते अजिबात खटकत नाहीत, काहींचं डोकं दुखतं. चार तासांनंतरही टोच गेली नाही तर घेऊ नका, ती पुढेही मऊ होणार नाही.

प्रश्न : त्वचेऐवजी कपड्यांवर मारलं तर?

टिकेल जास्त, उलगडेल कमी. कापड कागदासारखंच वागतं. रेशीम आणि पांढऱ्या कपड्यांवर डाग पडू शकतो, म्हणून आधी शिवणीच्या आतल्या बाजूला एक फवारा मारून वाळू द्या आणि मग ठरवा.

प्रश्न : जुन्या बाटलीतलं परफ्यूम मारल्यावर हाताला खाज आली. पूर्वी येत नव्हती.

वापर थांबवा. लिमोनीन आणि लिनॅलूल (फुलांच्या तेलांतला एक सुवासिक घटक) हवेच्या संपर्काने हळूहळू ऑक्सिडाइज होतात, आणि त्यातून तयार होणारी संयुगं मूळ घटकांपेक्षा जास्त अ‍ॅलर्जी देतात. फवाऱ्याची सुरुवात आंबट किंवा व्हार्निशसारखी वाटत असेल तर बाटली उतरलेलीच समजा, मग खालचं लाकूड कितीही छान उरलेलं असो. पुरळ राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि बाटलीच्या खोक्यावरची घटकांची यादी सोबत न्या. नवी बाटली अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. बाथरूममध्ये नको, खिडकीत तर नकोच.