चाळीस हजार पावत्या

प्रश्न : ताई, मी रावेरचा, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. काकांच्या केळी गटातल्या पावत्यांचे दुबार नंबर शोधायला पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. रिकामी लिस्ट घेतो, प्रत्येक नंबर तिच्यात आहे का बघतो, नसेल तर टाकतो. १,००० पावत्यांना लगेच उत्तर आलं. सगळ्या ४०,००० दिल्या तर जुना कॉम्प्युटर नुसता बसून राहतो. नवा घ्यावा का?

उत्तर : नको, ते पैसे राहू दे. तुला प्रोग्रामात एकच लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारी फेरी, दिसतं, पण 'आहे का' विचारणाऱ्या ओळीच्या पोटात दुसरं लूप आहे. नंबर लिस्टमध्ये नसला की पायथन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक ताडून बघतो. १,००० पावत्यांना सुमारे ५ लाख तुलना होतात, ४०,००० ला जवळजवळ ८० कोटी. पावत्या ४० पट, काम १,६०० पट! पुढच्या हंगामात पावत्या दुप्पट झाल्या की काम चौपट, मग नवा कॉम्प्युटरही रखडेल.

माझे वडील भुसावळला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, टपाल लावायचे. समोर लाकडी खणांची भिंत. पाकीट हातात आलं की पत्ता वाचून थेट त्या गावाच्या खणात. सावद्याचं पाकीट शोधायला त्यांनी कधी सगळी थप्पी उपसली नाही, सावद्याच्या खणात हात घातला. पायथनचा सेट हेच करतो. नंबरावरून हिशोब करून खण ठरवतो आणि साधारणपणे तेवढाच उघडून बघतो.

बदल दोनच : रिकाम्या लिस्टच्या जागी रिकामा सेट, लिस्टमध्ये नंबर टाकणाऱ्या अपेंडच्या जागी सेटचं ॲड. मात्र 'सेट' शब्द लिहून पुढे गोल कंस दे. नुसते महिरपी कंस दिलेस तर सेट नाही, डिक्शनरी हा वेगळाच प्रकार तयार होतो, इथे मुलं हमखास अडतात. सेटला मेमरी जास्त लागते, पण ४०,००० नंबर तुझ्या कॉम्प्युटरला जड नाहीत.

काकांना दुबार पावत्या शेजारी-शेजारी बघायच्या असतील तर सॉर्ट कर, म्हणजे नंबर क्रमाने लाव. पायथनच्या सॉर्टची रीत टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिली. आधीच क्रमाने असलेले तुकडे ती ओळखते, आणि पावती पुस्तकं क्रमानेच असतात.

एक मात्र जपून. एका ओळीत ५१२ हा आकडा म्हणून आला आणि दुसरीत मजकूर म्हणून, किंवा पुढे नुसती स्पेस राहिली, तरी पायथनला ते वेगळे नंबर वाटतात. दुबार पावती निसटेल आणि एकाच शेतकऱ्याला दोनदा पैसे जातील. म्हणून आधी सगळे नंबर स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करून स्ट्रिप कर, म्हणजे कडेच्या स्पेस काढ, मगच सेटमध्ये टाक.