गणित सोडू नकोस, बाकीचं जमवता येतं

पारोळ्याहून तू विचारलंयस ते थोडक्यात असं: बारावी सायन्स झालं, माणूस विचार कसा करतो हे शिकायचंय. जळगाव-धुळ्याकडे त्याची, म्हणजे 'कॉग्निटिव्ह सायन्स' नावाची पदवी सापडत नाही, मग पुण्याला जाऊन सायकॉलॉजीत बीए करू का? आणि बापू म्हणतात, गुपचूप कॉम्प्युटर सायन्स घे.

बापूंचं निम्मं बरोबर आहे.

आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी एमएस्सीलाच भेटतो. अलाहाबाद विद्यापीठात त्याचं केंद्र २००२ पासून आहे. आयआयटी गांधीनगर आणि आयआयटी दिल्लीतही एमएस्सी आहे. तिथे इंजिनिअर, सायकॉलॉजीवाले, भाषाशास्त्रवाले सगळे एकाच बाकावर येऊन बसतात. तेव्हा आत्ता पदवीच्या नावाचा घोर लावून घेऊ नकोस. प्रवेशाचे नियम दरवर्षी हलतात, ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचे.

मुळात हा विषय जन्मला तोच असा भेसळीतून. ११ सप्टेंबर १९५६ला अमेरिकेत एमआयटीमध्ये एका बैठकीत मिलर हा मानसशास्त्रज्ञ, चॉम्स्की हा भाषेचा माणूस आणि न्यूएल-सायमन हे कॉम्प्युटरवाले एकामागून एक बोलले. पुढे मिलर याच दिवसाला विषयाचा वाढदिवस म्हणायचा.

आपल्याकडचं उदाहरण देते. माझे मामा रावेरकडे केळीच्या बागेत उभे राहून लांबूनच सांगतात, हा घड कापणीला आला, तो अजून आठ दिवस थांबेल. कसं कळलं विचारलं तर म्हणतात, "दिसतं ना!" फारच खनपटीला बसलं तर सांगतात की केळाच्या कडा टोकदार असतील तर कच्चं, गोलावल्या की कापायचं. पण ते खरंच कडाच बघतात, की रंग, की घडाचा झोक? त्यांना स्वतःला सांगता येत नाही. मानसशास्त्रवाला इथे मामांना फोटो दाखवेल, एकात फक्त कडा, एकात फक्त रंग, आणि कुठे चुकतात ते मोजेल. कॉम्प्युटरवाली हजार फोटो देऊन मशीनला तेच शिकवेल आणि मशीन भलत्याच खुणेवर अडकलं की डोकं धरून बसेल. आणि जे सांगता येत नाही त्याला ज्ञान म्हणायचं का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा. त्यासाठी फार लांब जायला नको, तुझ्या शेजारी अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं, साने गुरुजीही काही काळ तिथे होते.

तर मामा तेच, घड तोच, पण त्यांच्यापर्यंत पोचायला मोजमाप यावं लागतं. माझं तिथेच फसलं. मी बीएला मानसशास्त्र घेतलं आणि गणित सुटलं म्हणून पेढे वाटले. एमएस्सीच्या पहिल्या सत्रात प्रयोग केला, उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायचा. एका मुलाचा फोन वाजला, तो उठला, त्याचा वेळ आला ९ सेकंद. मी तोही सरासरीत घातला आणि उलटाच निष्कर्ष छातीठोकपणे वर्गात मांडला. मॅडमनी एवढंच विचारलं, "मध्यक काढलास का?" मला मध्यक म्हणजे काय ते आठवेना. (आकडे क्रमाने लावले की मधोमध येतो तो मध्यक, एखाद्या भलत्याच आकड्याने तो सरासरीसारखा हलत नाही.) त्या दिवाळीत घरी फराळ सोडून अकरावीचं संख्याशास्त्र उघडलं.

म्हणून माझं मत: मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घे, सोबत मायनर, म्हणजे जोडविषय, सायकॉलॉजी मिळतं का बघ. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीने निवडायचा विषय, दुसऱ्या शाखेचाच घ्यावा लागतो, तिथे तत्त्वज्ञान किंवा भाषाशास्त्र बसवता येईल. कॉलेजच्या पत्रकात जे मायनर छापलंय ते खरंच शिकवतात का, हे ऑफिसात विचारू नकोस, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार. पदवीचं संशोधनाचं चौथं वर्ष करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तेव्हा सुरुवातीपासून ढिलं सोडून चालणार नाही. मेंदूच्या पेशींपर्यंत जायचं असेल तर पुण्याची आयसर ही विज्ञानाची संस्था, तिची प्रवेश परीक्षा वेगळी. आणि लोकांचं दुःख ऐकून मदत करायची असेल, तर ते समुपदेशन. ती वाट पूर्णच निराळी, तिथे पुण्याचं बीए योग्य. यातलं तुला नेमकं काय हवंय ते आधी ठरव.

सुट्टीत एक करून बघ. स्केचपेनने वीस चिठ्ठ्यांवर रंगांची नावं लिही, 'लाल' हिरव्या शाईने, 'निळा' लालने, अशी. घरच्यांना शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लाव आणि मोबाइलवर वेळ मोज. मग शब्द आणि शाई जुळणाऱ्या वीस चिठ्ठ्यांवर परत. स्ट्रूपने १९३५ला छापलेल्या प्रयोगाचंच हे घरगुती रूप. जिला अजून अक्षरओळख नाही त्या धाकट्या भाचीला आणि आजीलाही बसव. आकडे वहीत उतरव, आणि दोन्ही प्रकारच्या चिठ्ठ्यांच्या वेळांत फरक का पडला याचं तुझं उत्तर त्याखाली लिही.

लॅपटॉपचं म्हणशील तर आठ जीबी रॅमचा जुना चालतो. प्रोग्रॅम लिहायचं पायथन, आकडेमोडीचं आर, असे प्रयोग बनवायचं सायकोपाय, सगळं फुकट आहे. नवा घ्यायला बापूंना आत्ताच गळ घालू नकोस, कापूस विकला की बघता येईल.