कार्ड दोनशे रुपयांचं, पण वर्षाचा खर्च किती?

प्रश्न : माझा भाचा एमपीएससीचा अभ्यास करायला बार्शीहून पुण्यात आलाय, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. मागच्या वर्षी त्याने कुठल्यातरी लिंकवर क्लिक केलं आणि खात्यातले अकरा हजार गेले. तेव्हापासून दादा म्हणतोय की बँकेचं एटीएम कार्ड घरीच राहू दे, ह्याला प्रीपेड कार्ड घेऊन देऊ, महिन्याला ५,००० भरू, गेले तर तेवढेच जातील. जवळच्या मोबाईलच्या दुकानात एक कार्ड आहे, फक्त २०० रुपये, दुकानदार म्हणतो केवायसीची कटकट नाही. दर असे आहेत : पैसे भरायला १ टक्का, एटीएममधून काढायला दरवेळी २० रुपये, एटीएमवर बॅलन्स बघायला १० रुपये, वर जीएसटी. अभ्यासिका आणि मेसवाले रोख मागतात म्हणून तो आठवड्याला एकदा तरी पैसे काढणार. घेऊ का?
— एक आत्या, नारायण पेठ

उत्तर : ताई, तुम्ही दर लिहून पाठवलेत ते फार बरं केलंत, बहुतेक पत्रांत फक्त कार्डाचं नाव असतं आणि मग नुसत्या नावावरून काय सांगणार. आता कागद-पेन घ्या, आपण भाच्याचा एक महिना मांडू. ५,००० भरले की १ टक्का म्हणजे ५० रुपये. आठवड्याला एकदा म्हणजे महिन्यात चारदा काढले की ८०. आणि पोरगं मशीनवर दोनदा तरी बॅलन्स बघणारच, ते २०. झाले १५०, त्यावर १८ टक्के जीएसटी २७, म्हणजे १७७ रुपये महिना. वर्षाचे २,१२४, आणि कार्डाचे जीएसटी धरून २३६. एकूण २,३६०! दादा वर्षभरात ६०,००० पाठवणार आणि त्यातले जवळजवळ चार टक्के नुसत्या फीमध्ये जाणार. तुम्ही २०० रुपयांकडे बघत होतात ना, तो ह्यातला सगळ्यात छोटा खर्च आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त खटकली. दुकानदार म्हणतो केवायसी नाही. म्हणजे फक्त मोबाईलवर ओटीपी, नाव आणि एखाद्या ओळखपत्राचा नंबर एवढ्यावर मिळणारं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमात अशा कार्डावर महिन्याला जास्तीत जास्त १०,००० भरता येतात, वर्षाला १,२०,०००, आणि त्यातून रोख काढताच येत नाही, दुसऱ्याला पाठवताही येत नाहीत, फक्त खरेदी. म्हणजे भाचा पहिल्याच आठवड्यात एटीएमसमोर उभा राहील आणि पैसे येणार नाहीत, आणि मेसचे पैसे तर द्यायचेत. एटीएमचा दर तुमच्या कागदावर आहे तो पूर्ण केवायसी झाल्यावरचा. पूर्ण केवायसी केली की कार्डात २ लाखांपर्यंत ठेवता येतात, पण कार्ड बँकेचं नसून कंपनीचं असेल तर एका वेळी २,००० आणि महिन्यात १०,००० एवढीच रोख निघते. तेव्हा दुकानात आधी हे विचारा की कार्ड बँकेचं की कंपनीचं, आणि अटी, फी, मुदत हे सगळं लिहून मागा. कार्ड देतानाच हे सोप्या भाषेत सांगायचं आणि शक्यतो स्थानिक भाषेतही द्यायचं असं नियमातच आहे, त्यामुळे मराठीत मागायला अजिबात संकोच करू नका.

दादांचा मुद्दा मात्र मला पटतो. अकरा हजार म्हणजे पोराचं दोन महिन्यांचं राहणं-खाणं, एकदा असं झालं की घरच्यांची झोप उडते. भरलंय तेवढंच जाऊ शकतं, हा प्रीपेडचा खरा फायदा आहे. पण हाच फायदा बचत खात्यातही मिळवता येतो, फुकटात. ज्या खात्याचं एटीएम कार्ड भाच्याकडे असेल त्या खात्यात दादांनी फक्त महिन्याचे ५,००० टाकायचे, बाकीची रक्कम एफडीत किंवा दुसऱ्या खात्यात, ज्याचं कार्ड घरी. शिवाय डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करायची, लिमिट लावायची सोय ऑक्टोबर २०२० पासून बँकांना द्यावीच लागते, अ‍ॅपमध्ये दोन मिनिटांचं काम. एटीएमचं म्हणाल तर बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या मशीनवर महिन्याला ५ व्यवहार मोफत, आणि दुसऱ्या बँकेच्या मशीनवर सहा महानगरांत ३ पण बाकी ठिकाणी ५. पुणे त्या सहात येत नाही! मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, बस. म्हणजे भाच्याचे चारही वेळचे पैसे फुकट निघतात, आणि बॅलन्स मशीनवर बघायचा नाही (तोही व्यवहार मोजला जातो), मोबाईलवर बघायचा. किमान शिल्लक ठेवायची भीती असेल तर बेसिक बचत खातं मागा, त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड मोफत, आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. फक्त एकाच बँकेत बेसिक आणि साधं बचत अशी दोन्ही खाती ठेवता येत नाहीत.

तर माझं उत्तर : हे कार्ड नका घेऊ. ज्याला रोख लागते त्याने प्रीपेडच्या वाटेला जाऊच नये असं मला वाटतं. पुढेमागे पुस्तकं, टेस्ट सिरीज ऑनलाइन घ्यायला हवं असेल तर बँकेतून भरताना फी न घेणारं कार्ड बघा आणि त्यात लागतील तेवढेच भरा, कारण ह्या शिल्लकीवर व्याज मिळत नाही. आणि भाच्याला एक पक्कं सांगून ठेवा, परत असं काही झालं तर लाजून गप्प बसायचं नाही, ताबडतोब १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला किंवा कार्डवाल्यांना कळवायचं. ज्या फसवणुकीत चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही, तिथे तीन दिवसांत कळवलं तर आपल्यावर भार येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच, म्हणून एक-एक तास महत्त्वाचा.

प्रश्न : मी रोज वनाझहून रामवाडीला मेट्रोने जाते. मेट्रोच्या कार्डात एकदम २,००० भरून ठेवले होते, कार्ड पर्ससकट हरवलं. ब्लॉक केलं तर पैसे परत मिळतील ना?
— वाचक, कोथरूड

उत्तर : कार्ड ब्लॉक करा लगेच, पण वाईट बातमी अशी की ह्या कार्डात दोन कप्पे असतात. एक ऑनलाइन, तो ब्लॉक केल्यावर सुरक्षित. दुसरा चिपमधला, जास्तीत जास्त २,००० चा, गेटवर पैसे त्यातूनच कापले जातात, पिन नाही, ओटीपी नाही, ज्याच्या हातात कार्ड त्याचा प्रवास. त्यातली रक्कम रोख नोटेसारखी समजायची, ती सहसा परत मिळत नाही. म्हणून अ‍ॅपवरून पैसे भरलेत आणि स्टेशनवरच्या मशीनवर कार्ड लावून ते चिपवर घेतले नव्हते, असं असेल तर तेवढे वाचलेत, कस्टमर केअरला नेमकं हेच विचारा. नव्या कार्डात चिपवर आठवड्यापुरतेच ठेवत जा.

प्रश्न : दिवाळीला ऑफिसकडून ५,००० चं गिफ्ट कार्ड मिळालेलं, कपाटात राहिलं, मुदत संपली. गेले का पैसे?
— वाचक, हडपसर

उत्तर : लगेच गेले असं समजू नका. मुदत संपायच्या आधीच्या ४५ दिवसांत त्यांनी तुम्हाला आठवण करायची असते, पण गिफ्ट कार्डावर बऱ्याचदा नंबर ऑफिसचा असतो, तेव्हा आधी एचआरला विचारा की मेसेज कुणाला गेले. मुदत संपल्यावरही शिल्लक परत मागता येते आणि कंपनीचं कार्ड असेल तर ती किमान तीन वर्षं त्यांना स्वतःच्या नफ्यात ओढता येत नाही. कार्डाचा फोटो, शिल्लक, मुदतीची तारीख लावून ईमेल करा, पोच जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी फोन १४४४८.