मुलगी तिसरीत आहे. इंग्रजी रायमिंग वर्ड्स अर्थासकट घरी कसे शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सेमीला आहे, घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, मिस्टर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथ मशिनवर असतात. तिनं 'कम'ला 'होम' ही जोडी लिहिली आणि बाईंनी फुली मारली. दोन्ही शब्दांच्या शेवटी ओ-एम-ई हीच अक्षरं असताना चूक कशी, असं तुम्ही विचारताय, शिवाय पाठ करायला एखादी यादीही मागितली आहे. यादी खाली आहेच, पण चुकीचं कारण समजलं नाही तर पुढच्या यादीतही तीच फुली येईल.

इंग्रजीत यमक कानानं ठरतं. शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो त्यातला शेवटचा स्वर धरायचा. तिथून शब्द संपेपर्यंतचा सगळा आवाज सारखा हवा आणि त्या स्वराच्या आधीचा आवाज वेगळा हवा. 'कम'मधला क काढला की 'अम' उरतं, 'होम'मधला ह काढला की 'ओम'. म्हणून कम, सम, ड्रम, गम (डिंक) आणि थम (अंगठा) एका गटात, तर होम, डोम (घुमट), फोम (फेस) आणि कोम (कंगवा) दुसऱ्या. कंगव्याच्या शब्दात शेवटी बी लिहितात, पण म्हणत नाहीत. आपल्याकडं सर्रास 'कोंब' म्हणतात आणि मग जोडी सापडत नाही. त्याच ओ-एम-बी स्पेलिंगचं थडगं 'टूम' होतं आणि 'रूम'शी जुळतं. बाँबचा उच्चार इंग्रजीत 'बॉम', म्हणजे तो या दोन्ही गटांत बसत नाही.

असा घोळ का, हे मुलीनं विचारलं तर थोडक्यात सांगा. इंग्लंडमध्ये छापखाना १४७६ मध्ये आला. त्यानंतर स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, पण लोकांचे स्वर पुढची दोनशे वर्षं बदलत राहिले. लिहिणं जुनं राहिलं, बोलणं पुढं गेलं.

आता तुमच्या हातात एक साधन आहे जे इंग्रजी घरातल्या पोराकडं नसतं: देवनागरी. शब्द मोठ्यानं म्हणायचा, जसा ऐकू येतो तसा मराठीत लिहायचा, पहिलं व्यंजन किंवा जोडाक्षर खोडायचं आणि उरलेलं शेजारी ठेवून बघायचं. नाइट, काइट, व्हाइट, हाइट: सगळ्यांत 'आइट' उरतं, स्पेलिंगं मात्र निरनिराळी. 'वेट' म्हणजे वजन. त्याचं स्पेलिंग 'हाइट'सारखं दिसतं आणि तालमीपासून शाळेच्या आरोग्य तपासणीपर्यंत प्रत्येक फॉर्मवर हाइट-वेट शेजारी शेजारी छापलेलं असतं, तरी ते यमक नाही. वेट जुळतं ते गेट, प्लेट, लेट आणि एट म्हणजे आठ यांच्याशी.

सुरुवातीला ओ-ओ-डी या स्पेलिंगचे नऊ शब्द नऊ चिठ्ठ्यांवर लिहा. फूड (अन्न), मूड, ब्रूड (पिल्लांचा घोळका); गुड, वुड (लाकूड), हुड (टोपडं), स्टुड (उभा राहिला); ब्लड (रक्त), फ्लड (पूर). चिठ्ठ्या मिसळा आणि तिला आवाजावरून तीन ढीग करायला सांगा. फ्लड शब्द आपल्या गावात समजावून सांगावा लागत नाही, २०१९ आणि २०२१ चं पंचगंगेचं पाणी घरोघरी बोलण्यात असतं. त्याच ढिगात स्पेलिंग वेगळं असलेलं 'मड' म्हणजे चिखल टाका. आवाज सारखा आणि स्पेलिंग वेगळं, हे तिला स्वतःला दिसू द्या. 'कुड' आणि 'शुड' गुडच्या ढिगात टाकता येतील, त्यांतला एल मुका आहे.

देवनागरीची चाचणी चार ठिकाणी मात्र फसवते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या चुका बहुतेक इथल्याच असतात.

पहिली जागा 'ए'. मराठीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे लिहायची सोय नाही, त्यामुळं 'मिळवणे' आणि 'फाटक' या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द आपण 'गेट'च लिहितो. लिहायचं पेन आणि दुखणं या अर्थाचं पेन, ओला आणि थांबणे या अर्थांचे वेट, विकणे आणि विक्री या अर्थांचे सेल, परीक्षा आणि चव या अर्थांचे टेस्ट: सगळे मराठीत एकसारखे, इंग्रजीत वेगळे. उपाय सोपा आहे. लांब उच्चाराच्या शब्दात इ घालून लिहा: गेइट, पेइन, वेइट, सेइल, टेइस्ट. मग लिहायचं पेन जाईल हेन, मेन, टेन यांच्याकडं आणि दुखणं जाईल रेइन, ट्रेइन, केइन यांच्याकडं. केइन म्हणजे ऊस, साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून तो शब्द यायलाच हवा.

दुसरी जागा शेवटचा स आणि झ. राइस म्हणजे भात, राइझ म्हणजे उगवणे. प्राइस म्हणजे किंमत, प्राइझ म्हणजे बक्षीस. आपण दोन्हीकडं स म्हणून मोकळे होतो. गळ्यावर दोन बोटं ठेवून शब्द संपवायचा: झ असेल तर गळा थरथरतो, स असेल तर नाही. राइसला नाइस, माइस (उंदीर, अनेक), ट्वाइस (दोनदा) जुळतात. राइझला वाइझ (शहाणा), साइझ. अनेकवचनांतही हेच. कॅट्स आणि हॅट्स जुळतात, डॉग्झ आणि लॉग्झ (ओंडके) जुळतात, कारण डॉगच्या अनेकवचनात लिहायला एस असला तरी आवाज झचा असतो.

तिसरी जागा इ आणि ई. लिहिताना आपल्याकडं दोन वेलांट्या आहेत, बोलताना त्यांच्याकडं कुणी लक्ष देत नाही. हिल म्हणजे टेकडी, हील म्हणजे टाच. फिल म्हणजे भरणे, फील म्हणजे वाटणे. दीर्घ म्हणताना ओठ कानाकडं ताणून म्हणायला लावा, आठवड्यात कान तयार होतो.

चौथी जागा न आणि अनुस्वार: विन, पिन, थिन एकीकडं आणि विंग (पंख), किंग, थिंग दुसरीकडं. ही फारशी अडत नाही.

दोन अवयवांचे, म्हणजे उच्चारताना दोन तुकडे पडणारे, शब्द आले की आपली मराठी सवय आड येते. मराठी बालगीतात आला, गेला, झाला एवढं जुळलं की भागतं, कारण शेवटचं अक्षर सारखं असणं आपल्याला पुरतं. इंग्रजीत पुरत नाही. 'टेबल' आणि 'सिंपल' या दोन्हींच्या शेवटी 'पल-बल' असं काहीतरी जुळल्यासारखं वाटतं, पण जोर पहिल्या स्वरावर आहे आणि तो वेगळा आहे. टेबलला केबल, स्टेबल (तबेला). सिंपलला पिंपल, डिंपल (खळी). तसंच 'रनिंग' आणि 'सिंगिंग' हे यमक नव्हे, 'सिंगिंग'ला 'रिंगिंग' लागतं. जोर कुठं आहे हे कळत नसेल तर गल्लीच्या टोकाला असलेल्या माणसाला हाक मारावी तसा शब्द ओढून म्हणायचा. जो स्वर ताणला जातो तोच धरायचा. कोल्हापूरकरांसाठी सगळ्यात सोपा गट मटनचा: मटन, बटन, ग्लटन (खादाड). कॉटन यात येत नाही, तो रॉटन म्हणजे कुजका याच्याबरोबर.

यादी म्हणाल तर पुस्तकातल्या याद्यांपेक्षा वडिलांच्या कामातले शब्द आधी घ्या. ते घरात रोज बोलले जातात, अर्थ निम्मा तयारच असतो. बोल्टला जोल्ट (धक्का), कोल्ट (शिंगरू), व्होल्ट. नटला कट, शट, हट (झोपडी); 'पुट' मात्र नाही. ड्रिलला स्किल (कसब), बिल, हिल. कास्ट म्हणजे ओतणे, त्याला फास्ट, लास्ट, ब्लास्ट (स्फोट). फाउंड्रीतल्या सँडला हँड, लँड, बँड. बोअर म्हणजे भोक पाडणे, त्याला कोअर (गाभा), डोअर, फ्लोअर, फोर. गिअरला इअर (कान), फिअर (भीती), क्लिअर. स्टीलला व्हील, हील, मील (जेवण). टूलला स्कूल, पूल, रूल, पण लोकरीचा 'वुल' नाही. तो फुल आणि पुल यांच्याबरोबर. बेअरिंगला वेअरिंग आणि शेअरिंग जुळतं, हिअरिंग जुळत नाही, जरी स्पेलिंग जवळपास तेच असलं. आणि लेथचा इंग्रजी उच्चार 'लेद' असा आहे, त्याला 'बेद' म्हणजे आंघोळ करणे जुळतं. हे वर्कशॉपमध्ये कुणाला सांगायला जाऊ नका, तिथं लेथच बरोबर.

अर्थ पाठ करून घेताना दहा शब्दांचा अख्खा गट एकदम देऊ नका. बॅट, कॅट, फॅट, हॅट, मॅट, पॅट, रॅट, सॅट एका दमात दिले तर आवाज सारखे असल्यामुळं अर्थांची अदलाबदल होते. मुलगी रॅटला चटई सांगेल. तीन किंवा चार द्या आणि ते जातीनं वेगळे निवडा: एक वस्तू, एक क्रिया, एक गुण. मॅट आधी घ्या, मातीतली कुस्ती की मॅटवरची हा वाद ती ऐकतच असेल. मग पॅट, म्हणजे थोपटणे, पाठीवर थोपटून दाखवा. मग फॅट, लठ्ठ. वहीत क्रिया लिहिताना '-णे' लावून लिहायची सवय लावा, पण सॅटपुढं 'बसणे' लिहू देऊ नका. सॅट म्हणजे 'बसला' किंवा 'बसली'. 'बसणे' हा सिटचा अर्थ. रॅन आणि मेड यांच्या बाबतीतही हीच चूक होते.

एकाच शब्दाचे दोन अर्थ असतील तर दोन्ही एकाच दिवशी नकोत. वेल म्हणजे विहीर आणि 'बरं' सुद्धा. लाइट म्हणजे उजेड आणि हलका. फेअर म्हणजे जत्रा, न्याय्य आणि गोरा. आज जोतिबाच्या यात्रेची जत्रा घ्या, बाकीचे पुढच्या आठवड्यात. केएमटी बसचं भाडं यालाही 'फेअर'च म्हणतात, स्पेलिंग वेगळं. आवाज अगदी तोच असल्यामुळं ही दोन एकमेकांची यमकं धरत नाहीत. राइट आणि राइट (बरोबर, लिहिणे), सन आणि सन (सूर्य, मुलगा) यांचंही तसंच. गृहपाठात अशी जोडी लिहिली तर काही शिक्षक बरोबर देतात, काही फुली मारतात. टाळलेली बरी.

उच्चार ऐकायला मोबाइलवरच्या शब्दकोशातलं स्पीकरचं चिन्ह वापरा आणि यूके हाच आवाज कायम ठेवा, कारण आपल्या शाळांत ब्रिटिश वळण चालतं. यूके आणि यूएस मिसळले की गटच बदलतात. अमेरिकेत टमेटो आणि पटेटो हे नीट यमक आहे, ब्रिटनमध्ये टमाटो म्हणतात आणि ते तुटतं. कार्यालयातला क्लार्क ब्रिटनमध्ये डार्कशी जुळतो, अमेरिकेत वर्कशी. एबीसीडीच्या गाण्यात शेवटचं अक्षर 'झी' म्हटलं तरच जी, पी, व्ही यांच्याशी मेळ बसतो. आपण 'झेड' शिकवतो म्हणून ते गाणं शेवटी अडखळतं.

रोज दहा मिनिटं पुरतात: तीन नवे शब्द, कालचे तीन, आणि एकेक छोटं वाक्य. तोंडी खेळताना 'डॅट', 'गॅट' असे निरर्थक शब्द ती करेल, करू द्या, कान त्यानंच तयार होतो. वहीत उतरवण्याआधी शब्दकोशात बघायचं एवढंच. 'मंथ', 'ऑरेंज', 'सिल्व्हर', 'पर्पल' यांना रोजच्या इंग्रजीत जोडी मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि प्रश्नात 'सेम एंडिंग' किंवा 'वर्ड फॅमिली' असं छापलेलं असेल तर तिथं शेवटची अक्षरं आणि आवाज दोन्ही जुळणारेच शब्द हवे असतात. अशा वेळी नाइटला काइट न लिहिता लाइट, फाइट, टाइट लिहायचं.