बांधकामावर अपघात झाला तर त्यात डिझायनरचा काय संबंध? सुरक्षा तर साइट मॅनेजर बघतो ना?

संबंध आहे, आणि तो पहिली कुदळ पडायच्या आधीच सुरू होतो. गच्चीचा कठडा नकाशातच 1.1 मीटर धरला, तर पुढे टाकी दुरुस्त करायला चढणाऱ्याला दोर बांधायची गरज सहसा उरत नाही. कागदावर एक रेघ वर सरकवायची, बस्स! ती राहिली की मग सेफ्टी बेल्ट वाटत बसा. ब्रिटनच्या 2015 च्या सीडीएम नियमांत (बांधकामाचं डिझाइन आणि व्यवस्थापन यांचे नियम) डिझायनरवर हे कायदेशीर बंधनच आहे: धोका टाळा, टळत नसेल तर कमी करा, उरलेला बांधणाऱ्यांना कळवा.

मॅनेजरकडे हेल्मेट तपासण्यापलीकडे बरंच असतं. कामांचा क्रम लावणं, पुरेसा वेळ देणं, आणि परांची तपासल्याशिवाय कुणालाही वर न चढवणं, मुदत कितीही जवळ आलेली असो.