पोरगी केमिकल म्हणतेय, घरचे कॉम्प्युटर म्हणतायत

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टर सोलापूरजवळच्या फताटेवाडीत एनटीपीसीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात कंत्राटावर, पोरगी बारावी सायन्सला, तिला केमिकल इंजिनीअरिंग करून कोळशाच्या धुरातला कार्बन डायऑक्साईड पकडायचाय, आणि घरचे म्हणतायत कोळसा तर बंद होणार, गप कॉम्प्युटर घे. मी पोरीच्या बाजूनं आहे.

नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच काढून घ्यायचं, आपल्या देशाचं टार्गेट 2070 चं आहे, तवर पोरगी रिटायर होईल. फताटेवाडीचे 660 मेगावॅटचे दोन्ही युनिट सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे प्रेशर इतकं की पाणी बुडबुडे न येताच वाफ होतं, त्यामुळं तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो, पण धूर निघतोच की. मध्य प्रदेशात विंध्याचलच्या वीजकेंद्रात एनटीपीसीनंच 2022 ला धुरातला रोज 20 टन कार्बन डायऑक्साईड पकडायचा प्लांट चालू केला, हायड्रोजनशी जोडून त्याचं मिथेनॉल करायचं म्हणून. तिथल्या एकूण धुराच्या मानानं हे चिमूटभर आहे, आणि हायड्रोजन काढायला लागणारी वीजच कोळशाची असली तर सगळं मुसळ केरात! हे तिला आत्ताच कळलेलं बरं, कारण खरं काम इथंच पडून आहे.

वेगळा 'कार्बन'वाला कोर्स शोधत बसू नका, साधं केमिकल घ्या, सीईटीला पीसीएम ग्रुप, मग मुंबईचं आयसीटी (रसायन तंत्रज्ञानाची संस्था) किंवा लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ बघा. पुढं रिसर्च करावासा वाटला तर आयआयटी मुंबईत याच विषयाचं राष्ट्रीय केंद्र आहे. पहिली नोकरी कार्बन कॅप्चरमध्ये, म्हणजे हा वायू पकडायच्या कामातच, लागेल असं मी म्हणणार नाही, खत, रिफायनरी, फार्मा कुठंही लागेल, पण शिकलेलं वाया जात नाही. धुरातून हा वायू शोषून घ्यायला अमाईन जातीची रसायनं वापरतात आणि अमाईन तर आपल्याकडं सोलापूरजवळ तामलवाडी-चिंचोळीत बनतात, हे तिला सांगा, डोळे चमकतील बघा.

आणि एक कराच. ओळखीनं परवानगी काढून तिला साखर कारखान्याची डिस्टिलरी दाखवा. मळी आंबताना टाकीत जो फेस उसळतो ना, तो कार्बन डायऑक्साईडच, वजनानं जवळपास अल्कोहोलएवढाच निघतो आणि चांगला शुद्ध. धुऊन, सुकवून तो कोल्ड्रिंकला, ड्राय आईसला जातो. कोळशाच्या धुरात मात्र तो शंभरात 12-15 भागच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन, म्हणून वेगळा काढायलाच सगळा पैसा जातो. हा फरक पुस्तकापेक्षा तिथं लवकर डोक्यात बसेल. फक्त टाकीच्या तोंडावर वाकू देऊ नका, हा वायू जड असतो, तिथंच साचतो आणि श्वास कोंडतो.