दहावीतली मुलगी घरात काहीच बोलत नाही. तिला बोलतं कसं करायचं, आणि मदत कुठे मिळेल?

समोर बसवून ‘काय झालंय, सांग’ म्हटलंत की ‘काही नाही’ हेच उत्तर येणार. आमच्याकडेही तेच. मग एकदा क्लासहून परतताना, स्कूटरवर माझ्या मागे बसून लेक आपणहून बोलायला लागली. नजरेला नजर द्यावी लागत नव्हती म्हणून असेल. त्यानंतर मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायला लागले. (पेट्रोल गेलं, जाऊ दे.) मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालतानाही जमतं. फक्त मध्येच ‘आमच्या वेळी...’ सुरू करू नका, आणि तिने सांगितलेलं मावशीला फोनवर ऐकवू नका. ते तिला कळलं की पुन्हा तोंड उघडणार नाही.

मात्र झोप, जेवण बिघडलंय, मैत्रिणींनाही टाळतेय, असं दोन आठवडे चाललं असेल तर थांबू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आधी तुम्ही स्वतःच फोन केलात तरी चालेल. कोणी त्रास देत असेल, अत्याचाराची शंका असेल तर चाइल्डलाइन, १०९८. आणि ‘जगावंसं वाटत नाही’ असं म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.